खालाची दावण

मोर्च्यात खाला माझ्या पुढं चालत होती. दोन्ही हातांनी पाटी धरलेली, डोक्यावरची ओढणी सारखी मागं घसरणारी, आणि ती सावरायला तिचा हात मोकळा नाही म्हणून मीच मागून ओढून देत होते. निघताना तिनं मला विचारलं होतं, "बेटा, काय लिवलं हाये यावर? भलतंच नसन ना?"

मी वाचून दाखवलं. लेकरांचे हाल करणाऱ्यांना कडक शिक्षा झालीच पाहिजे.

"हां. मंग धरतो मी."

अकोल्यात, आमच्या वस्तीपासून दूर, एका पाळणाघरात रडतं म्हणून एका लेकराला चटके दिले होते. त्याचा तो मोर्चा. बचत गटाच्या बायका, दालमिलच्या बायका, भाजीवाल्या, मास्तरणी, सगळ्या कलेक्टर कचेरीवर गेलो. माइकवर एक वकीलबाई म्हणाल्या की असल्या गुन्ह्याला शिक्षा फार हलकी आहे, माणसं जामिनावर सुटतात आणि दुसऱ्या दिवशी चौकात चहा पितात. टाळ्या पडल्या. पोरगी काखेत घेऊन मी घसा बसेपर्यंत ओरडले. ती तेव्हा दोन वर्षांची होती आणि एरवी दिवसभर ती माझ्यापाशी नसायची, खालापाशी असायची.

मी धारणीच्या पलीकडची. नकाशात पाहिलं तर अकोला तिथून फार लांब दिसत नाही, पण ज्याला जायचं आहे त्याला विचारा. जीपनं धारणी, मग एसटी, जंगलातला घाट, परतवाडा, अमरावती आणि तिथून पुढं अकोला. अख्खा दिवस जातो. घरी आम्ही कोरकू बोलायचो, मराठी शाळेत आली. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवी दुसऱ्या गावात होती आणि मधला नाला पावसाळ्यात उतरू देत नसे. तेवढ्या शिकण्यावर आज हे लिहिते आहे, म्हणून त्या मास्तरांची मी ऋणी आहे. लग्न झालं, नवऱ्याला एमआयडीसीत हमालीचं काम लागलं, आणि मी इथं आले. तेव्हापासून जे जे माणूस माझ्याशी नीट बोललं ते मला लक्षात आहे. परक्या गावात माणूस तेवढंच जमवत बसतं.

दालमिलमध्ये माझं काम निवडायचं. मशीनमधून डाळ येते, तिच्यातला खडा, काळा दाणा, न फुटलेली तूर वेचून काढायची. जुन्या बायका सांगायच्या की पूर्वी लेकरं सोबत आणता यायची, बारदान्यावर झोपून राहायची. मग कुठल्या तरी मिलमध्ये तपासणी झाली, मालकाला दंड झाला, आणि आमच्या फाटकावरही पाटी लागली की लहान मुलांना आत आणायला मनाई आहे. मी पोरगी घेऊन गेले तर मुकादम फाटकातच आडवा आला.

"बाई, केस माह्यावर होईन. मंग तुमी येसान का मले सोडवाले? लेकरू घरी ठेवा."

त्याचं चुकत नव्हतं. आत पट्टे फिरतात, तूर ओतायचा खड्डा उघडाच असतो. पण घरी ठेवायचं म्हणजे कोणापाशी? आई घाटापलीकडे. सासू वारलेली. अंगणवाडी एवढ्या लहानीला घेत नाही, घेतलं तरी दुपारी सोडते.

मला खालाकडं नेलं ते माझ्या शेजारणीनं. टिनाच्या खोल्यांत तिची खोली माझ्या खोलीला लागून, कामही एकाच मिलमध्ये. बाई फाटक्या तोंडाची, पण सोबत करणारी. खाला म्हणजे मावशी, सारी वस्ती तिला तसंच म्हणायची. विधवा. एकच खोली, पुढं ओटा, आणि ओट्याला लागून नाली आणि रस्ता. रस्ता एमआयडीसीचा, दिवसभर तुरीचे ट्रक. तिनं आधी एका बाईचं लेकरू सांभाळलं, मग दुसरीचं, आणि मी गेले तेव्हा ओटा भरलेला होता. पैसे ती घेत नसे. कोणी डाळीची चुरी द्यायचं, कोणी भाजी. मी पैशांचं काढलं तर म्हणाली, "लेकरायचे पैसे घेतले त मंग ते नौकरी झाली ना वो. नौकरीत मानूस चिडते."

मग म्हणाली, "एक जुनी साडी आन. अंगावरची आन, धुतलेली नको."

मी घरी जाऊन हिरवी साडी आणली. लग्नात आईनं घेतलेली, पिवळ्या काठाची, आता विरलेली. खालानं ती उभी फाडली, तीन पट्ट्यांची वेणी घातली, एका टोकाला रुंद कमरपट्टा ठेवला आणि दुसरं टोक ओट्याच्या खांबाला बांधलं. ओट्याच्या काठापर्यंत लेकरू जाणार नाही एवढंच अंतर ठेवलं. प्रत्येक लेकराचा दोर त्याच्या आईच्या साडीचा. आईचा वास असला की लेकरू रडत नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं होतं. माझी पोरगी झोप आली की त्या दोराचं टोक तोंडात घ्यायची.

पहिल्या दिवशी तिला तशी बांधलेली पाहून मला रडू आलं.

"रडून कोन राहिलं?" खाला म्हणाली. "तू का पोरगी? पोरगी त पाह्य, कटोरी वाजवून राहिली." तेवढ्यात ट्रक गेला. ओट्याच्या इतक्या जवळून, की त्याच्या वाऱ्यानं लेकरांचे केस उडाले. "आता समजलं? माह्या मागच्या गल्लीतलं एक लेकरू असंच चेंडूमागं गेलं होतं. मी पाह्यलं ते, मी उचललं. त्या दिवसापासून बांधतो मी. कोनाले बरं वाटो का नको वाटो."

आम्ही बायकांनी त्या ओट्याचं नाव दावण ठेवलं होतं. गोठ्यात जनावरं ओळीनं बांधतात ती दावण. शेजारीण सकाळी खोलीच्या दारातूनच ओरडायची, "चाल वो, वासरू बांधून ये, घंटी होईन." खालाही म्हणायची, "माही दावन भरली, आता एकबी वासरू घेत नाही," आणि चार दिवसांनी आणखी एक घ्यायची. थट्टा होती. आपल्या लेकराला बांधून जावं लागतं ही गोष्ट थट्टा केल्याशिवाय रोज करता येत नाही.

मला धास्ती नव्हती असं नाही. संध्याकाळी पोरीच्या कमरेवर एक पुसट लाल रेघ असायची. मी तेल लावायची. हा दोर कधी भलतीकडं गुंडाळला तर, हा विचार डाळ निवडताना मधेच यायचा आणि हातातला काळा दाणा तसाच पुढं जायचा. पण संध्याकाळी गेलं की खाला त्या सगळ्यांच्या मधोमध बसलेली असायची, एकाचं नाक पुसत, दुसऱ्याला शिव्या देत. तिच्या पाठीला टेकून एखादं झोपलेलं. मग मला वाटायचं, माझ्या नशिबानं मला या गावात ही बाई दिली.

मोर्च्यानंतर फार दिवस झाले नव्हते. जेवणाच्या सुटीत आम्ही ओट्यावर लेकरांना भरवत होतो. कॉलेजातली एक मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. लहान मुलांच्या वजनाची, खाण्याची माहिती विचारत वस्तीत फिरत होती. बोलायला चांगली होती. ओट्यापाशी येऊन थांबली.

"हे काय आहे?"

शेजारणीच्या तोंडात भाकरीचा घास होता. तशीच हसत म्हणाली, "हे आमची दावन हाये मॅडम. अन् हे आमचे वासरं. सकाळी बांधतो, सांजच्याले सोडतो."

आम्ही सगळ्या हसलो. खालानं तर एक दोर वर करून दाखवला. फोन आमच्याकडंच वळलेला दिसत होता, पण ती व्हिडिओ काढते आहे हे आमच्या डोक्यातही आलं नाही. ती मुलगी हसली नाही. आम्हाला वाटलं लाजाळू आहे.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ फोनाफोनांवर फिरला. त्यात खांब होता, दोर होते, लेकरं होती आणि आमचं हसणं होतं. ट्रक नव्हता. जनावरांसारखी पोरं बांधून वर दात काढतात, असं खाली लिहिलेलं. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवरही आला. ज्या बायकांच्या सोबत मी कलेक्टर कचेरीवर गेले होते त्यांतल्याच कोणी तरी खाली लिहिलं होतं, कडक शिक्षा झालीच पाहिजे. ते वाक्य मी स्वतः ओरडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. खालाला घेऊन गेले, दोर सोडून प्लास्टिकच्या पिशवीत भरले, आणि आम्हाला मिलमधून बोलावून लेकरं आमच्या ताब्यात दिली. पोलिसांसोबत आलेल्या बालकल्याण समितीच्या एक बाई कागदावर लिहीत होत्या. माझ्या पोरीचं वय लिहून त्यांनी त्यापुढं जे लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचलं : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक. मी म्हणणार होते की बाई, हे तर बरोबरच आहे. पण तोवर त्यांनी कागद उलटला होता. बाईमाणसाला दिवस मावळल्यावर ठेवता येत नाही म्हणून खालाला संध्याकाळी घरी सोडलं आणि सकाळी पुन्हा यायला सांगितलं. आम्हा आयांनाही.

शेजारीण आमच्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"पाह्य, सगळ्यायनं एकच सांगाचं. आमाले माहीत नव्हतं. आमी सकाळी लेकरू नेऊन देतो, सांजच्याले आनतो. मधात ती का करते ते आमाले का मालूम?"

"अन् त्या व्हिडिओत कोन बोलून राहिलं?" मी विचारलं.

"थट्टा केली मनाचं. थट्टेवर का केस होते?"

"जेवाच्या सुटीत आपन तिथंच होतो ना वो."

"मंग जाय तुरुंगात. मले तीन लेकरं हायेत."

माझा नवरा भिंतीला टेकून बसला होता. तो सहसा बोलत नाही. म्हणाला, "माहीत होतं मनलं त मायबापावरबी केस होते. शिक्षा वाढवा मनून तुमीच त गेल्ता मोर्च्याले. आता घ्या." मग आवाज खाली करून, "पोरगीले सरकारी बालगृहात नेलं त आपन कोनाले इचारावं? आपलं इथं कोन हाये?"

मलाही तीच भीती होती. मला तुरुंगाचं तेवढं भय वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण ते मागून आलं. आधी डोळ्यापुढं आलं ते हे की कोणी तरी अनोळखी बाई माझी पोरगी उचलून गाडीत बसवते आहे. आणि दुसरीकडं खाला. आम्ही सगळ्यांनी माहीत नव्हतं म्हटलं तर उरते ती एकटी. एका म्हातारीनं कोणाला न सांगता परक्यांची लेकरं बांधली, एवढाच त्याचा अर्थ. वकीलबाईंनी सांगितलेली ती कडक शिक्षा मला मोर्च्यात फार आवडली होती. चटके देणाऱ्या बाईला तिची भीती वाटावी असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी ती भीती आमच्या खोलीत येऊन बसली होती. शिक्षा जेवढी मोठी, तेवढं "मला माहीत नव्हतं" असं म्हणणं सोपं होतं.

सकाळी ठाण्यात गेलो तर खाला आधीच बाकावर बसलेली. मांडीवर डबा.

"भात आनला लेकरायसाठी," म्हणाली. "इथं कवर बसा लागते काय मालूम." मग मला जवळ ओढलं. "तू काय सांगशीन ते सांग बेटा. मी मनात धरत नाही. तुह्यं इथं कोनी नाही, मले मालूम हाये."

मी मान खाली घातली. तिनं कोपरानं मला ढोसलं. "मी पाटी धरून गेल्ती ना, कडक शिक्षा मनून? पाह्य, अल्लानं आयकलं. पह्यला नंबर माह्याच लावला."

मला हसूही आलं आणि रडूही.

साहेबांना सर्दी झाली होती. रुमालानं नाक पुसत त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. निळा दोर, लाल, फुलाफुलांचा, माझा हिरवा. व्हिडिओ काढणारी मुलगीही एका कोपऱ्यात उभी होती, तिचा जबाब झाला होता. साहेब खालाशी वाईट बोलले नाहीत. आजी म्हणाले.

"आजी, तुमचा हेतू चांगला असंल. पण हा दोर एखाद्याच्या गळ्यात अडकला असता तर?"

"माह्यं ध्यान असते साहेब."

"आणि तुम्हाला डुलकी लागली तर?"

 खालानं दोरांकडं पाहिलं.  साहेब बरोबर विचारत होते.

मग आम्हाला पुढं बोलावलं.

"लेकरं बांधून ठेवतात हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही साहेब," शेजारीण म्हणाली. तिनं त्या दिवशी फुलाफुलांचं पोलकं घातलं होतं. तेच कापड, तीच गुलाबी फुलं, आणि त्याच साडीचा दोर समोर टेबलावर पडलेला. तिच्या ते ध्यानात नव्हतं. माझ्या आलं. टेबलापाशी उभ्या असलेल्या पोलीस बाईंच्याही आलं असावं, कारण त्यांनी एकदा दोराकडं, एकदा पोलक्याकडं पाहिलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

दुसरी एक जण म्हणाली, "नाही." तिसरीही.

माझी पाळी आली तेव्हा पोरगी कंटाळून कुरकुर करत होती. तिची झोपायची वेळ झाली होती. काखेतून ती वाकली, टेबलावरचा हिरवा दोर ओढला आणि टोक तोंडात घेतलं. पोलीस बाई पुढं झाल्या, मग थांबल्या. राहू दिला. पोरीनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि चोखायला लागली.

तिच्या तोंडून तो काढून घेऊन नाही म्हणणं माझ्यानं झालं नाही. एवढंच खरं आहे. मोठं धैर्य वगैरे काही नव्हतं.

"मले माहीत होतं साहेब. हे माही साडी हाये. मीच आनून देल्ती."

 साहेबांनी रुमाल खाली ठेवला.

"मग गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो. समजतंय का तुम्हाला?"

"समजते. पन त्या रस्त्यानं ट्रक जातेत साहेब. तुमी एकडाव दुपारी येऊन त्या ओट्यावर उभे राहा. मिलात लेकरू नेऊ देत नाहीत, घरी कोनी नाही. खालानं पैसे नाही घेतले कधी. तिनं एकटीनं नाही बांधलं. आमी बांधलं." आणि मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलंच, "पोरगीले नेसान का तुमी?"

मी बोलत असताना शेजारीण मागून माझा पदर ओढत होती. साहेबांनी उत्तर द्यायच्या आधी तिनं तो सोडला. स्वतःच्या बाहीकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं.

"आता काय बोलावं," ती करवादली. "हे पोलकं पाहून तुमाले समजलंच असन. ते फुलावाली माही हाये. अन् थट्टाबी मीच केल्ती. लिहा."

मग एकेक करून सगळ्यांनी आपापला दोर ओळखला. खाला बाकावर बसून ओढणीनं तोंड झाकून घेत होती. रडत होती की हसत होती, मला दिसलं नाही.

पुढं बरेच दिवस खेपा झाल्या. ठाणं, बालकल्याण समिती, पुन्हा ठाणं. प्रत्येक खेपेला मिलमध्ये खाडा, मुकादमाची बोलणी. एक दिवस साहेब खरंच दुपारी ओट्यावर येऊन उभे राहिले, असं पानठेल्यावाल्यानं सांगितलं. समितीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी गुन्हा दाखल झाला नाही. खालाकडून लिहून घेतलं की यापुढं बांधणार नाही, ओट्याला फाटक लावल्याशिवाय लेकरं ठेवणार नाही. आम्हा आईबापांना समज दिली. पोरगी माझ्यापाशी राहिली. या गावानं माझ्यावर केलेला तो सगळ्यात मोठा उपकार, असंच मी मानते.

समितीच्या दाराशी ती कॉलेजातली मुलगी भेटली. तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, मला वाटलं मुलांचे हाल चाललेत."

"वाटाच लागते," मी म्हणाले. मी मनापासून म्हणाले. उद्या कोणी माझ्या पोरीला चटके देत असेल तर कोणी तरी फोन काढणारं असावं. कायदा कडक असावा या मताची मी आजही आहे, पुन्हा मोर्चा निघाला तर पुन्हा जाईन. फक्त एक गोष्ट मला उशिरा सुचली. त्या दिवशी आम्ही इतक्या बाया गेलो, शिक्षेच्या इतक्या पाट्या नेल्या, आणि आमची लेकरं दिवसभर ठेवायची कुठं, हे विचारणारी एकही पाटी आमच्यात नव्हती. कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

वस्तीतल्या पुरुषांनी एका रविवारी बांबूचं फाटक करून ओट्याला बसवलं. चांगलं केलं होतं, माझ्या नवऱ्यानं वरून कडीही लावली. पण खालानं पुन्हा लेकरं घेतली नाहीत.

"नाही होत आता," म्हणाली. "लेकरू जवळ आलं का पह्यले रस्त्याकडं पाह्यतो मी, कोनी फोन धरला का मनून. पानठेल्यावरचे पोट्टे मोबाईल दाखवतेत एकमेकाले, मी गेली का. मले दिसते." तिची मुलगी अमरावतीला दिलेली. ती आली आणि आईला घेऊन गेली. फाटक अजून आहे. त्याच्या मागं कुलूप लावलेली खोली आहे.

मग ज्यानं त्यानं आपापलं पाहिलं. शेजारीण तिघा लेकरांना खोलीत ठेवून बाहेरून कडी लावते आणि जेवणाच्या सुटीत खिडकीतून हाका मारून येते. एकदा मी म्हटलं, "हे बरं नाही वो." तर म्हणाली, "मंग तू सांग का करू."  ते त्या दोरापेक्षा किती तरी वाईट आहे. पण बंद दाराआडचं कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी त्याचा व्हिडिओ काढत नाही. आम्ही नवराबायकोनं पाळ्या बदलून पाहिल्या. काही दिवस जमलं, मग मुकादमानं जमवू दिलं नाही. शेवटी ठरलं की पोरीला आईकडं ठेवायची, शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत.

अमरावतीला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात खालाच्या मुलीचं घर शोधत गेले. खाला खुर्चीवर बसली होती, वाळलेली वाटली. पोरीनं तिला आधी ओळखलं नाही, माझ्या मागं लपली. मग खालानं कटोरी मागवून चमच्यानं वाजवली, तशी ती हळूहळू जवळ गेली.

"सोडाले चालली का इले?"

"हो."

"कवर?"

"पाहू."

तिनं काही सल्ला दिला नाही. पोरीचा फ्रॉक वर करून कमर पाहिली, दोन्ही बाजूंनी, उजेडात धरून.

"निशान गेली," म्हणाली. "बरं झालं." मग फ्रॉक नीट करत, "बाकीचे लेकरं कुठी ठेवतेत आता?"

मी सांगितलं. शेजारणीचंही सांगितलं. ती ऐकत होती आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती. निघताना दारापर्यंत आली. "एसटीत धरून बस. त्या घाटाच्या गाड्यायचे दारं लागत नाहीत धड."

परतवाड्याहून निघालेल्या गाडीत दाराजवळचीच जागा मिळाली. दार खरंच लागत नव्हतं. वळणावर उघडायचं, पुन्हा आपटायचं. एका हातानं मी पुढचा दांडा धरला होता, दुसऱ्या हातानं पिशवी, आणि पोरगी मांडीवर उभी राहून झाडं पाहायला उड्या मारत होती. घाट लागला तेव्हा मी पिशवी पायात दाबली, पदराचं टोक तिच्या कमरेभोवती दोनदा गुंडाळलं आणि माझ्या मनगटाला गाठ मारली.

समोरच्या सीटवरच्या माणसानं फोन वर केला.

 मी त्याच्याकडं पाहिलं. तोंडात सगळी वाक्यं तयार होती, दार लागत नाही, तुम्हीच पाहा, माझीच पोरगी आहे. तो फोन इकडंतिकडं फिरवत होता. खिडकीबाहेर हात काढून पाहिला, मग शेजारच्याला म्हणाला, "गेलं नेटवर्क. आता सेमाडोह येईपर्यंत काही खरं नाही." आणि फोन खिशात टाकला.

पोरगी दमून खाली बसली. पदराचं टोक तिनं तोंडात घेतलं होतं, डोळे मिटत आले होते. गाठ मी धारणीपर्यंत सोडली नाही.